साळूची हरकत

मुलांनो, दूरच्या एका रानात मुरमाची एक टेकडी होती आणि त्या टेकडीच्या पोटात एक साळू राहायची. अंगभर काटे, चाल दुडकी आणि बोलण्याची भारी हौस. बीळ तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून उकरलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोरं आपापल्या रानाला लागली होती, त्यामुळे एवढ्या मोठ्या बिळात ती एकटीच उरली होती. पण एकटी म्हणायचं ते नुसतं नावापुरतं. कारण त्या टेकडीची एक रीत होती. शेजाऱ्याशेजाऱ्यांची बिळं आतून भुयारांनी जोडलेली असत. साळूच्या उजव्या हाताला ससा, डाव्या हाताला घोरपड. भुयारात तोंड घालून "आहात का घरात?" अशी हाक मारली की पलीकडून "आहोत, आहोत, या!" असं उत्तर यायचंच. कुणाचं पिल्लू आजारी आहे, कुणाला कुठे कंद गवसला, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं त्या भुयारांतून टेकडीभर फिरायचं.

रानाचा कारभारी होता कोल्हा. त्याला प्राण्यांनीच निवडलं होतं, बरं का! "तळ्यातला गाळ काढून देतो," असं त्याने सांगितलं, आणि उन्हाळ्यात चिखल चाटून कंटाळलेल्या प्राण्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. गाळ काढायचा तर कामकरी लागणार, त्यांना खायला लागणार, म्हणून कोल्ह्याने घरपट्टी बसवली. बिळाला जेवढी तोंडं, तेवढे कंद दर महिन्याला द्यायचे. सुरुवातीला कुणी कुरकुर केली नाही. मग पट्टी वाढली. मग पुन्हा वाढली. गाळ होता तिथेच होता, उलट थोडा वरच आला होता. कोल्ह्याची गुहा मात्र लांबत चालली होती आणि तिला नवी नवी दारं फुटत होती. त्यांची पट्टी कोण भरतं, असं एका खारीने विचारलं तेव्हा कोल्हा हसून म्हणाला, "ती माझी थोडीच आहेत? ती कारभाराची आहेत." खार बिचारी विचार करत झाडावर गेली, ती अजून विचारच करते आहे.

वसुलीला रानडुक्कर यायचं. ते निम्मे कंद वाटेतच फस्त करायचं आणि उरलेले कारभाऱ्याकडे पोचते करायचं. एके दिवशी त्याने नवा हुकूम आणला, "यापुढे आतली भुयारंसुद्धा तोंडंच धरायची. ज्याच्या ज्याच्या बिळात उघडतात, त्याने त्याने भरायचं."

त्याच संध्याकाळी ससा भुयारातून आला. एरवी तो उड्या मारत यायचा, त्या दिवशी सरपटत आला. "साळूकाकू, राग मानू नका," तो म्हणाला. "घरात पिल्लं आहेत. एवढे कंद मी कुठून आणू? भुयार बुजवतो. बोलायचं काय, बाहेर भेटूच की आपण."

"भेटू रे, भेटू," साळू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

घोरपड तर सांगायलाही आली नाही. साळूने नुसता माती सरकवल्याचा आवाज ऐकला. आधी मोठमोठी ढेकळं पडली, मग बारीक माती पडली, मग आवाजही बंद झाला. टेकडीभर हेच चाललं होतं. पट्टी वाचवण्याच्या नादात आपण काय काय बुजवतो आहोत, याचा पोच कुणालाच नव्हता. आणि बाहेर भेटायचं कसलं? सकाळपासून अंधार पडेपर्यंत जो तो कंद उकरण्यात गुंतलेला. कधी पाण्यावर गाठ पडलीच तर, "कसं चाललंय?" "ठीक चाललंय," एवढंच. उघड्यावर जास्त कोण बोलणार? रानडुक्कर कोणत्या झुडपामागे उभं असेल, नेम नसायचा.

साळूने मात्र आपल्या बाजूची भुयारं बुजवली नाहीत. वेडीच म्हणा हवं तर. रानडुकराने तिला दोनदा समजावलं, "साळूबाई, पलीकडून बंद झालंय ते. फुकट का भरता?" ती म्हणायची, "बुजवते, बुजवते." पण हात धजत नसे. आपणही माती लोटली की संपलंच सगळं, असं तिला वाटायचं. सकाळी उठली की सवयीने ती भुयारात तोंड घालायची आणि "आहात का घरात?" म्हणून हाक मारायची. नाकाला गार माती लागायची. तरी ती थोडा वेळ तशीच थांबायची. मुलांनो, कुठेही न जाणाऱ्या दोन भुयारांची पट्टी ती म्हातारी भरत होती.

शेवटी व्हायचं तेच झालं. तिचे पाय थकले, कंद कमी पडू लागले, पट्टी थकली. रानडुक्कर आलं आणि जमिनीकडे बघत म्हणालं, "सभा झाली की बीळ सोडायचं. कारभाऱ्यांच्या भाच्याला द्यायचं ठरलंय." त्या बिळाच्या एकेका कोपऱ्यावर तिच्या नवऱ्याच्या नखांचे ओरखडे होते. तिथे कोल्ह्याचा भाचा लोळणार, या विचाराने तिला घास गिळवेना.

आता एकच आशा उरली होती, ती सभेची. पळस फुलले की रानाची सभा भरायची. कारभारी मध्ये उभा राहून विचारायचा, "कुणाची हरकत?" ज्याची हरकत असेल त्याने सगळ्यांदेखत मागचा पाय जमिनीवर आपटायचा. निम्म्याहून जास्त पाय आपटले की कारभारी पायउतार. पूर्वी एका माजोरी तरसाला प्राण्यांनी असंच घालवलं होतं. तेव्हा आदल्या दिवशीच भुयाराभुयारातून निरोप गेले होते. कोण कोण आपटणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळे पाय असे आपटले की टेकडी हादरली आणि तरस शेपूट घालून पळालं.

या वेळी कुठूनच काही कळेना. साळू आपल्या बिळात बसून विचार करायची. ससा तर 'ठीक चाललंय' म्हणाला. घोरपडीच्या तोंडूनही कधी तक्रार ऐकली नाही. सगळ्यांचं जर ठीक चाललं असेल, तर चुकतंय ते आपलंच. आपण म्हाताऱ्या झालो, आपल्याला जमत नाही, एवढंच. असं मनाशी म्हणताना तिला फार एकटं वाटायचं. नवरा गेला तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

सभेच्या दिवशी सगळे जमले. कोल्ह्याने लांबलचक भाषण ठोकलं. पुढच्या वर्षी गाळ नक्की निघणार होता, मात्र त्यासाठी पट्टी थोडी वाढणार होती. मग त्याने गोड आवाजात विचारलं, "कुणाची हरकत?"

कुणी हललं नाही. साळूने सशाकडे पाहिलं. तो गवताच्या एका काडीकडे असा टक लावून बघत होता की जणू गवत त्याने आयुष्यात पाहिलंच नव्हतं. घोरपडीने डोळे मिटले होते. गप्प राहावं आणि निमूट निघून जावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण मग तिला इतका राग आला, इतका राग आला, की तिने मागचा पाय उचलला आणि जमिनीवर आपटला. पाठीवरचे काटे खडखडले. तिने पुन्हा आपटला. पुन्हा आपटला. तेवढाच एक आवाज त्या सभेत होत राहिला.

"एक हरकत," कोल्हा म्हणाला. "अजून कोणी? नाही? ठीक." आणि तो पुन्हा कारभारी झाला.

दुसऱ्या दिवशी साळूने बीळ सोडलं. उतारावर ससा धापा टाकत तिच्या मागे आला. "काकू, खरं सांगतो, मनातून मी तुमच्याच बाजूने होतो," तो म्हणाला. "पण म्हटलं, आपण एकटेच पडू." साळू चालतच राहिली. ओढ्यापाशी दगडावर घोरपड बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाय उचलला होता हो मी," ती म्हणाली. "पण वाटलं, मी एकटीच दिसेन." साळू तिथूनही पुढे निघाली.

रानाच्या हद्दीवर रानडुक्कर उभं होतं. म्हातारी खरोखर गेली की नाही, हे पाहायला कोल्ह्यानेच त्याला पाठवलं होतं. त्याने आजूबाजूला पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणालं, "साळूबाई, मलाही हे पटत नाही. कंद खातो मी, नाही म्हणत नाही. पण तळं असंच राहिलं तर मी लोळू कुठे? काल मीसुद्धा पाय आपटणार होतो. पण कुणीच आपटेना, मग मी एकट्यानेच कसा आपटायचा?"

साळू थांबली.

"एकट्याने?" ती म्हणाली. "ससा म्हणतो मी एकटा, घोरपड म्हणते मी एकटी, आणि आता तूही तेच म्हणतोस. अरे, मी आपटत होते ना तिथे! तुमच्यापैकी एकानेही मला मोजलं नाही."

साळू हद्द ओलांडून पलीकडच्या माळाला लागली. तिकडची जमीन खडकाळ होती आणि शेजाराला कुणीही नव्हतं.

तात्पर्य : अन्यायाविरुद्ध जो पहिला उठतो तो एकटाच असतो, त्याला एकटं ठेवायचं की नाही, हे दुसऱ्याच्या हातात असतं.