मूठभर काड्यांचा जाळ

वसईच्या अंगाला, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, वाळकेबंदर नावाचा एक कोळीवाडा होता. शिडाच्या होड्यांचे ते दिवस. तिथल्या लहानशा चर्चमध्ये फादर सिमांव राहत. वाडीतली माणसे त्यांना पाद्रीबाबा म्हणत. अंगात विटका झगा, पायांत काही नाही आणि तोंडात कुणाची निंदा नाही, असे ते साधुपुरुष होते.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आपला आगमनकाळ. वेदीवर जांभळे वस्त्र चढते, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटते, आणि बाळ येशूची वाट पाहणे सुरू होते. बाबा म्हणत, "वाट पाहणं कोळणीला मी काय शिकवू? होडी समुद्रात असली की ती हातावर हात ठेवून बसत नाही. चूल पेटवते, दार उघडं ठेवते. तसंच करा."

बाबांनी वाडीला एक रीत लावून दिली होती. आगमनकाळात वेदीपाशी रिकामी गव्हाण ठेवायची. पेंढ्याचा भारा चर्चच्या दारात. कुणासाठी काही चांगले केले, जीभ आवरली, आपल्या घासातला घास दिला, की एक काडी गुपचूप गव्हाणीत ठेवायची. कशाची काडी, ते सांगायचे नाही. त्या काड्यांवर नाताळाला बाळ येशूची मूर्ती निजवायची.

त्या वर्षी इनास नाखव्याच्या डोक्यात हवा शिरली. वाडीतल्या निम्म्याअधिक होड्या त्याच्या. त्याने मुंबईहून मखमलीची गादी शिवून आणली, जरीची किनार लावलेली, आणि पहिल्याच रविवारी सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, देवाच्या लेकराला गुरांचा चारा? लोक हसतील आपल्याला! ही घ्या गादी. आता काड्याबिड्या बंद."

बाबांनी गादी प्रेमाने घेतली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "इनास, गादी फार सुरेख आहे. पण गव्हाण मऊ व्हायची ती कापसानं नाही रे."

नाखवा हसला. त्याच्या होडीवर पोट असलेली माणसे काय करणार? एकेकाने काडी ठेवणे सोडले. राहिली एकटी आग्नेसबाय. नवरा दर्याने नेलेला, मूलबाळ नाही. बोंबील वाळत घालून पोट भरणारी विधवा बाई. ती रोज येई, काडी ठेवी, गुडघे टेकी आणि जाई. नाखवा दारात गाठून म्हणे, "काय गो आग्नेस, तुझ्या मूठभर काड्यांत बाळ सोड, मांजरसुद्धा निजायचं नाही!"

आग्नेसबाय नुसती हसे. आणि दुसऱ्या दिवशी गव्हाणीत एक काडी वाढे. ती कशाची, हे आता तुम्हीच ओळखा!

तिसरा रविवार झाला. नाखव्याचा एकुलता एक मुलगा पास्कू खलाशांना घेऊन मासेमारीला गेला होता. संध्याकाळी यायची होडी चर्चमधल्या पहाटेच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे उपासनेपर्यंत, आली नाही. माणसे चर्चबाहेर पडतात तो काय, समुद्रावर असे धुके की स्वतःचा हात दिसेना! आणि त्या धुक्यातून पास्कूची हाक आली, "किनारा... किनारा कुठाय?"

खाडीच्या तोंडाशी खडकांची रांग. भरतीचा जोर होडीला तिकडेच ओढत होता. घंटा वाजवली, पण धुक्यात घंटा चहूकडून वाजते. कंदील हातभरही उजेड देईनात. लाकडे, सुका पाला, दारातला पेंढ्याचा भारा, सगळे दंवाने ओलेचिंब. नाखवा वेड्यासारखा धावला, चर्चमधली आपली मखमली गादी आणून तिला आग लावली. कापूस नुसता धुमसला आणि सगळ्यांचे डोळे झोंबले. मग मात्र तो वाळूत मटकन बसला. "बाबा, माझा पास्कू! काहीतरी करा हो!"

बाबा आत गेले. येताना त्यांनी गव्हाण छातीशी धरली होती. ते थेट आग्नेसबायपाशी आले.

"आग्नेस, हा पेंढा तुझा आहे. काय करू?"

"विचारता काय, बाबा? पेटवा!" ती ओरडलीच. "या काड्या बाळासाठीच ठेवल्यात ना? मग तिकडं बाळच तर अडकलंय!"

एक म्हातारा कोळी हळूच म्हणाला, "पेंढ्याचा जाळ तो कितीसा? डोळा मिटेपर्यंत विझेल."

बाबांनी किनाऱ्यावरच्या एका खडकावर त्या काड्या ठेवल्या, क्रूसाची खूण केली आणि ज्योत लावली. काय सांगू भाविकहो! जाळ उठला तो माडाइतका उंच, आणि विझेचना! मूठभर काड्या जळत राहिल्या, जळतच राहिल्या. त्या उजेडापुढे धुके मधोमध फाटले आणि पाण्यावर सरळ वाट पडली. बाबा गुडघ्यांवर होते. त्या वाटेने होडी आली, वाळूला लागली, पास्कूने किनाऱ्यावर पाय ठेवला आणि तेव्हा कुठे जाळ शांत झाला.

नाखव्याने लेकाला कवटाळले. मग डोळे पुसून तो आग्नेसबायला शोधू लागला. ती केव्हाच आपल्या कामाला लागली होती. तो गेला आणि सगळ्या वाडीदेखत तिच्या पायांवर पडला.

"अहो नाखवा, उठा! पाया त्या बाळाच्या पडा."

"कुठल्या तोंडानं, बाय? त्याचं अंथरूण माझ्यासाठी जळलं. माझ्यामुळं वाडीनं काड्या सोडल्या. मी काय करू, तूच सांग."

आग्नेसबायने होडीकडे बोट दाखवले. "ते खलाशी कुडकुडताहेत. आधी त्यांच्या पोटात गरम पेज जाऊ द्या."

ज्याने आयुष्यात कुणाला पाण्याचा तांब्या दिला नाही, तो नाखवा घरून पेजेचे भांडे स्वतः उचलून घेऊन आला. एकेका खलाशापुढे वाकून त्याने वाढले. पास्कूला शेवटी.

तोवर ऊन वर आले, भारा वाळला. नाखव्याने त्यातली एक काडी उचलली आणि चर्चमध्ये गेला. बाबा वेदीपाशी उभे होते. गव्हाण त्यांनी पुन्हा जागेवर आणून ठेवली होती. नाखव्याने रिकाम्या गव्हाणीत काडी ठेवली, कपाळ टेकले आणि लहान मुलासारखा रडला.

उठून मागे वळतो तो दारापासून थेट वाळूपर्यंत वाडी रांगेत उभी, आणि प्रत्येकाच्या हातात एक काडी! इनास नाखवा हात जोडून बाजूला झाला, आणि येईल त्याच्यापुढे मान लववत राहिला.