न वाळणारी शाई

नव्या सॉफ्टवेअरच्या वेळापत्रकात छपाई संपते त्याच मिनिटाला खोकी चिकटवायला सुरुवात होते, हे केतकीच्या लक्षात आलं. मिठाईच्या खोक्यांवरची शाई मग वाळणार कधी? माल डागाळला तर खापर नियोजन सांभाळणाऱ्या केतकीच्याच डोक्यावर फुटणार होतं. तिने चिकटवण्याच्या विभागात फोन लावला. कोणी उचलेना.

"नाहीच उचलणार," व्यवस्थापक निंबकर म्हणाले. सॉफ्टवेअर त्यांनीच आणलेलं, म्हणजे ते चुकणं शक्यच नव्हतं. "तुझे फोन घ्यायचे नाहीत, असा हुकूमच दिलाय मी. वाळवणं म्हणजे आळसाला दिलेलं गोंडस नाव!"

केतकीने नुकताच छापलेला लालभडक कागद पुढे केला. "मग सर, हा नमुना छातीशी धरून गिऱ्हाइकाकडे न्याल?"

निंबकर पांढराशुभ्र शर्ट सावरत मागे सरले. "अगं, दूर धर! शाई ओली आहे!"

"छे हो सर! तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती केव्हाच वाळलीय."

निंबकरांनी शर्टाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि ते मोबाइल कानाला लावून पुटपुटले, "उचला रे तिचा फोन."

केतकीने पुन्हा नंबर लावला.

"बोला मॅडम," पलीकडून आवाज आला, "शाई ओलीच आहे, मशीन थांबवू ना?"