दुपारनंतरची मिळकत

जिथे कामाला पगार होता आणि पगारातून जंगलाचा वाटा कापला जात होता, अशा एका जंगलात एक सुतार पक्षी राहत असे. सकाळपासून दुपारपर्यंत तो वनराजाच्या चाकरीत असे. प्रत्येक झाडावर चोच वाजवून पाहायची, आत कीड लागली असेल तर ती टिपायची, हे त्याचे काम. महिनाअखेरीस त्याला दहा मापे चारोळी ठरलेली होती, पण पदरात नऊच पडत. दहावे माप कोठीवरचे म्हातारे कासव आधीच बाजूला काढी. त्या वाट्यातून पाणवठ्याचा गाळ उपसला जाई, आणि उन्हाळ्याआधी जंगलाभोवतीची गवताची पट्टी साफ होई, म्हणजे वणवा आत शिरत नसे. सुतार पक्ष्याला यातले काहीच करावे लागत नसे. मुलांनो, तो लबाड नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. पण आपला वाटा कोणीतरी कापून घेतेच, हे त्याच्या इतके अंगवळणी पडले होते की वाटा कधी आपण होऊनही द्यावा लागतो, हे त्याच्या डोक्यात आले नाही.

तो आणि त्याची बायको एका वठलेल्या सालईच्या ढोलीत राहत. गेल्या वर्षी त्या ढोलीचा तळ कुजून निखळला आणि तीन अंडी खाली दगडावर पडली. तेव्हापासून त्याची बायको फारसे बोलत नसे. ओढ्याकाठी एक जुना, भक्कम बेहडा होता. तो धनेशाच्या मालकीचा होता. त्याची वरची फांदी पन्नास मापांना मिळत होती आणि खालची पस्तीसला. “खालची घेऊ या का?” बायकोने विचारले. “घ्यायचीच तर वरची घेऊ. पुन्हा काही झडायला नको, पडायला नको,” तो म्हणाला. बायको बरे म्हणाली.

मग चाकरी सुटली की तो दुपारनंतर लोकांच्या ढोल्या कोरू लागला. हात, म्हणजे चोच, मोठी कसबी होती त्याची. ढोलीचे तोंड तो असे उतरते कोरी की पाऊस कितीही झोडपो, आत थेंब जात नसे. पोपट आले, पिंगळे आले, साळुंक्या आल्या. एका ढोलीला सहा मापे. भुसा उचलून न्यायला त्याने मैना लावल्या, त्यांनाही वर्षभरात दहा मापे दिली. बाकीची चारोळी सालईच्या एका फटीत साठत गेली. रोज संध्याकाळी तो त्या ढिगाकडे बघे आणि त्याला त्यात बेहड्याची फांदी दिसे.

शेजारची खार कोठीत बिया निवडायला होती, आणि दुपारी तीही चार घरची कामे करी. ती एकदा म्हणाली, “सुतारदादा, दुपारनंतर मला जे मिळतं ना, त्यातलं चौथं माप मी वेगळ्या बिळात टाकते. ते माझं नाहीच असं समजते. आणि मैनांना देता त्याची खूण ठेवत जा, तेवढं हिशेबातून वगळतात. एकदा कासवआजोबांना विचारून तरी या.”

तिथेच उन्हात पडलेला कोल्हा हसला. “कशाला त्या म्हाताऱ्याला जागं करतोस? पगारातून कापतात ना तुझं दर महिन्याला? मग फिटलं. दुपारनंतरची चोच तुझी स्वतःची.”

खरे सांगायचे तर सुतार पक्ष्याला कोल्ह्याचे म्हणणे पटले नव्हते, पण ते आवडले होते. शिवाय कोठीपर्यंत जाऊन यायचे म्हणजे अर्धी दुपार मोडणार. तेवढ्यात एका ढोलीचे तोंड कोरून होते, असा त्याने हिशेब केला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पावसाळा सरला, दिवाळी गेली, थंडीही गेली. माघात बेहड्याची खालची फांदी कोणीतरी घेतली. सुतार पक्ष्याने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याची पन्नास मापे भरत आली होती.

फाल्गुनात जंगलाचे वर्ष संपे. तेव्हा ज्याने त्याने कोठीवर जाऊन कोणाला काय दिले, कोणाकडून काय घेतले, ते सांगायचे असे. पोपटांच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पिंगळ्यांनीही सांगितले, साळुंक्यांनीही. पन्नासावे माप फटीत पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी कावळा निरोप घेऊन आला, “कासवआजोबांनी बोलावलंय.”

कासव म्हणाले, “पगाराची एकशेवीस, दुपारची साठ. दोन्ही एकत्र धरायची असतात, बाळा. एकशेवीसच्या वर जे जाईल त्याला चौथा हिस्सा. पंधरा झाली.”

“पण आजोबा, माझा वाटा तर तुम्ही कापता.”

“पगाराचा कापतो, कारण पगार माझ्या समोरून जातो. पोपटानं तुझ्या ढोलीत आणून टाकलेलं मी कुठून कापू? ते तूच आणून द्यायचं. तेही वर्षातून चारदा, थोडं थोडं. दिलं नाहीस, म्हणून तीन मापं दंड.”

“मैनांना दहा मापं दिली आहेत मी.”

“तेवढी वगळली असती. खूण आहे काही?”

खूण ठेवलीच नव्हती. मैना तर थंडी संपताच दुसऱ्या रानात उडून गेल्या होत्या.

“मला कुणी सांगितलं नाही,” तो शेवटी म्हणाला.

“तू विचारायला आला असतास तर मी सांगितलं असतं. मी तर इथंच बसलेलो असतो,” कासव म्हणाले. त्यांना वाईट वाटत होते, पण अठरा मापे त्यांनी मोजून घेतली. जंगलाचे माप कासवाला तरी कसे सोडता येणार?

बत्तीस मापे घेऊन तो धनेशाकडे गेला. धनेश म्हणाला, “अंडी घालायचे दिवस आले, आता कुणासाठी थांबू? वरची फांदी मागायला पोपटाचं जोडपं उद्याच येतंय.” घरी आल्यावर त्याने बायकोला सगळे सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “चौथं माप बाजूला पडत गेलं असतं, तर आपली खालच्या फांदीपुरती पस्तीसच होणार हे आपल्याला माघातच कळलं असतं, नाही का?” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती नुसती बेरीज करत होती, आणि ती बेरीज बरोबर होती. त्या फाल्गुनात तिने दोन अंडी घातली, त्याच सालईत.

आठ दिवसांनी पोपट आला. “सुतारदादा, बेहड्याची फांदी घेतली आम्ही. ढोली तुम्हीच कोरून द्या, तुमच्यासारखं काम कुणाचं नाही.”

चोच चालवल्याशिवाय भागणार नव्हते. तीन दुपारी तो त्या फांदीवर कोरत राहिला. लाकूड अगदी त्याला वाटले होते तसेच निघाले, घट्ट आणि निरोगी. चौथ्या दुपारी पोपटीण आत डोकावून म्हणाली, “दादा, तळ फारच जाड ठेवलात हो. एवढा कशाला?”

“असू दे,” तो म्हणाला. “अंडी खाली पडत नाहीत.”

सहा मापे घेऊन तो निघाला. आधी कोठीवर जाऊन त्याने दीड माप कासवापुढे ठेवले, आणि मग सालईकडे गेला.

तात्पर्य : एका मिळकतीचा वाटा दुसऱ्याने कापून घेतला, म्हणून दुसऱ्या मिळकतीचा फिटत नाही. जे आपले नाही ते हाती येताच वेगळे ठेवावे. नाहीतर आपण त्यावर घराचे मनसुबे रचतो आणि ते देताना घरही हातचे जाते.