खराटा, गांडूळ आणि माड

झाडं आणि खराटे बोलायचे, त्या काळची गोष्ट. एका परसातला खराटा रोज सगळा पाचोळा लोटून जाळात टाकायचा.

मातीतून गांडूळ ओरडलं, "अरे शहाण्या, ते माझं जेवण आहे! उपाशी मरण्यापेक्षा मी दुसऱ्या परसात जाईन."

"जा की! कचरा खाणारे हवेत कुणाला?"

"माडाला! माझ्या खतावर जगतो तो. बघ, झावळ्या पिवळ्या पडल्यात. आणि तू कुणाच्या झावळ्यांच्या हिरांचा बनलास रे?"

खराट्याने वर पाहिलं. माड खोकत म्हणाला, "पोरा, परस मात्र छान दिसतंय हो!"

खराट्याने सगळा पाचोळा माडाच्या आळ्यात लोटला.

अजूनही तो रोज झाडतो आणि आळ्याशी थांबून विचारतो, "गांडूळराव, पुरे का?"

"वाढ अजून! तुझ्या बापाला भूक फार आहे."