महिपतीची पेटी आणि कमरेएवढा मांडव

एका गावात एक भोळा गिटारवाला होता. महिपती त्याचं नाव. बाबालाल मास्तरांच्या बेंजो पार्टीत तो वाजवायचा.

त्यानं गिटारीला जोडायची एक डिजिटल पेटी आणली. पेटी वीतभर, पण आवाज कपाटाएवढ्या अ‍ॅम्प्लिफायरचा. एकच खोड होती. तार ताणली की खरा सूर वर चढायचा आणि दुसराच कुठलातरी भुताटकीचा सूर खाली उतरायचा. महिपतीनं पेटीला कान लावला. "आत कोण हाय? भाईर ये, मिळून वाजवू!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरं येड्या, पेटी सूर सलग ऐकत न्हाई, मधनंमधनं डोकावती. करकरीत आवाजाला लई उंच सुरांची पिल्लं फुटत्यात. डोकावणं कमी पडलं की पेटीला भलतंच ऐकू येतं. तिला आठपट डोकावू दे." त्यांनी ओव्हरसॅम्पलिंगचं बटण दाबलं. भूत पळालं. महिपतीनं धडा गाठीला बांधला.

मग महिपतीला घेऊन घरचे तातोबांची पोरगी रंजना बघायला गेले. आई म्हणाली, "नीट बघ बाबा, जन्माची गाठ हाय."

महिपतीनं दारातून बघितलं. खिडकीतून बघितलं. परसातून बघितलं. शेवटी छपरावर चढून कौलं सारून बघितलं. पोह्यांत माती पडली.

"हे काय चाललंय?" तातोबा ओरडले.

"कमी डोकावलं की भलतंच दिसतं," महिपती वरून म्हणाला.

रंजना खुदकन हसली. तिला हा येडा आवडला. पोरीच्या हट्टापुढं तातोबा नमले, पण बजावून. "आणखी एक घोळ घातलास तर लगीन मोडलं!"

महिपतीचं तोंड एवढंसं झालं. रंजना त्याच्याही मनात भरली होती. तो मास्तरांकडं धावला. "माझं चुकलं कुठं?"

"अरं, ते पेटीचं होतं! आन् पेटीतसुद्धा नुसतं आठपट करून भागत न्हाई. मग वरचं उंच ते कापायचं."

सासरा खूश व्हावा म्हणून लग्नाचा मांडव महिपतीनंच घातला. आठपट बांबू आणले आणि वरचं उंच ते सगळं कापलं. मांडव कमरेला आला. वऱ्हाड रांगत आत शिरलं.

तातोबा लालबुंद. रंजना म्हणाली, "असू द्या आबा, सावली तर पडतीया."

"आता शेवटचं!" तातोबा म्हणाले.

वरातीत आपणच वाजवायचं म्हणून महिपती त्याच दिवशी सकाळी पेटी लावून बसला होता. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "आठपट कामानं पेटीला दम लागतोय. सूर मागनं येतोय. तू जरा आधीच वाजव."

मुहूर्ताला सगळे वाकून उभे. भटजीही अंतरपाट धरून ओणवे. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली. महिपतीनं हार उचलला. घोळ नको, देवा, आज घोळ नको! हार मागून पोचला तर?

त्यानं जरा आधीच घातला.

अंतरपाट अजून मध्येच होता. पुढ्यात मान एकच होती, भटजींची. वाकलेल्या वऱ्हाडाला काही दिसेना. हार पडलेला तेवढा कळला. अक्षता उधळल्या, बेंजो कडाडला. तातोबांनी 'मोडलं!' म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडात अक्षता गेल्या.

"अरे, मी भटजी आहे!" भटजी किंचाळले.

"घाबरू नका," महिपती म्हणाला. "मी आधी घातलाय. नवरी मागनं येतीया."

रंजनानं अंतरपाट बाजूला सारला. भटजींच्या गळ्यातला हार काढून तिनं स्वतःच्या गळ्यात घातला.

"आले बघ मागनं," ती म्हणाली.