तीन खुरांची वाट

त्या पठारावर हरणांची वस्ती होती आणि ती दोघांना भिऊन राहत असे. एक हिवाळा आणि दुसरी आत्याबाई.

हिवाळा उत्तरेच्या डोंगरावरून उतरे. आत्याबाई कुठूनही येई. ती लांडगीण होती, पण तिला लांडगीण म्हणायची पठारावर कुणाची छाती नव्हती. जिची भीती वाटते तिच्याशी नातं जोडून ठेवावं, हे हरणांचं जुनं शहाणपण. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं माणसं म्हणतात. या आत्याबाईला मिशा होत्या, तरी काका म्हणण्याचं धाडस कुणी केलं नाही.

ती घाई कधीच करत नसे. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक काळा खडक होता. त्यावर ती सकाळी येऊन बसे, मागे तिची पोरं गुपचूप बसत, आणि दिवसभर ती फक्त हरणांचं चालणं पाही. त्या नजरेखाली चरताना तोंडातल्या गवताची चव जाई. दिवस कलला की ती उठे आणि ज्याचा पाय जरासा अडखळला असेल नेमकं त्यालाच घेऊन जाई. खूर सडवणारी खुरकूत झालेलं हरीण लंगडू लागलं की ते कळपात फार दिवस राहत नसे. हा न्याय आहे असं कुणी म्हणत नव्हतं. पण खुरकूत एका हरणाच्या खुरावरून दुसऱ्याच्या खुरावर जायच्या आत आत्याबाई येऊन गेलेली असे, एवढं मात्र खरं.

कवडी नावाच्या हरणीचं पिल्लू तिनं असंच नेलं होतं. पाठीवर कवड्यांसारखे टपोरे ठिपके, म्हणून ती कवडी. पिल्लाच्या खुरात खुरकूत शिरली तेव्हा कवडीनं त्याला आपल्या अंगाच्या आडोशानं चालवलं. एक दिवस निभावला, दुसरा नाही निभावला. त्यानंतर ती हिरव्यागार कुरणात उभी असली तरी उपाशी असल्यासारखी दिसे. या साली तिच्या पोटात पुन्हा जीव धरला होता, आणि तिनं मनाशी एकच गाठ मारली होती. हे पिल्लू जगलं पाहिजे, मग काय वाटेल ते करावं लागो.

कळपाचा राजा होता शिंगराय. त्याला राजा म्हणायचं ते केवळ शिंगांमुळे नव्हे. मागच्या मोठ्या हिवाळ्यात पठार गळ्यापर्यंत बर्फात गेलं, तेव्हा त्यानं आपल्या छातीनं बर्फ फोडत सगळ्या कळपाला खिंडीपलीकडच्या दरीत नेलं होतं. तिथे ऊन होतं, झाडांची साल होती. शिंगांवर बर्फ साचलेला, नाकपुड्यांतून वाफ, आणि मागे वळून एकदाही न पाहणारी ती मान ज्यांनी पाहिली होती, त्यांच्या अंगावर अजून काटा येई.

त्याच शिंगरायला पानगळीच्या दिवसांत खुरकूत झाली.

संध्याकाळी कळप ओढ्याकाठी गोळा झाला. राजा उजवा पुढचा पाय अधांतरी धरून उभा होता. उद्या खडकावर कोण येऊन बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा कवडी पुढे झाली. तिच्या डोळ्यांपुढे राजा नव्हताच, तिचं गेलेलं पिल्लू होतं.

“आपण सगळ्यांनीच लंगडायचं,” ती म्हणाली. “सगळेच लंगडे दिसले तर आत्याबाई निवडणार कुणाला?”

“आणि खरं लंगडं कोण, हे आपल्याला तरी कसं कळायचं गं?” भागाक्का म्हणाली. ती कळपातली सगळ्यांत म्हातारी. तिनं आत्याबाईची आईसुद्धा पाहिली होती. “ज्याला दुखतंय त्यानं लंगडावं, बाई. धडधाकटानं कशाला सोंग आणायचं?”

तिचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. हरणांकडे पैसा कधी नव्हताच, त्यामुळे त्यांना कुठलंच सोंग अवघड वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जे घडलं ते त्या पठारानं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ऊन वर आलं, आत्याबाई खडकावर बसली आणि अख्खा कळप उजवा पुढचा पाय उचलून चालू लागला. म्हातारे, तरणे, नुकती शिंगं फुटलेले, सगळे एका लयीत. तीन पावलं आणि एक झोक. एकासाठी सगळे आपला एकेक पाय सोडताहेत, हे पाहून कवडीचा ऊर भरून आला. आपण एवढे एक आहोत, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आत्याबाई उठली. पुन्हा बसली. मान तिरकी करून पाहत राहिली. दिवस मावळला तेव्हा ती रिकाम्या तोंडानं परत गेली, आणि जो कधी कुणापुढे वाकला नव्हता, त्या शिंगरायनं कळपापुढे शिंगं खाली टेकवली. बरीच हरणं रडली. कवडीही रडली.

हे सोंग त्या दिवसापुरतं होतं. पण आत्याबाई दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली, आणि मग ती नसतानाही पाय खाली टेकवायचं कुणाच्या मनात येईना. शिंगरायनं तसा हुकूम दिला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. हुकमाची गरजच पडली नाही. सरळ चालणं म्हणजे राजाच्या पायाकडे बोट दाखवणं, असं आपोआप ठरलं. हरणाला बोट नसतं, पण ठरवणाऱ्यांनी तेवढा विचार केला नव्हता. तरण्या नरांनी लंगडण्यात नजाकत आणली. कुणाचा झोक देखणा, यावर माद्या भाळू लागल्या. आया पाडसांना लंगडायला शिकवू लागल्या आणि झोक चुकला की नाकानं ढुसणी देऊ लागल्या.

या सगळ्या गडबडीत खुरकुतीची आठवण कुणाला राहिली नाही. ती मात्र आपलं काम विसरली नव्हती. पूर्वी लंगडणाऱ्यापासून चार हात लांब राहत. आता लांब राहायचं तर सगळ्यांपासूनच राहावं लागलं असतं. एकाच ओढ्याच्या एकाच चिखलात दुखरे आणि धडके पाय शेजारी शेजारी पडत होते आणि कुणाच्याही तोंडावर काही दिसत नव्हतं.

भागाक्का तेवढी चार पायांवर चालत राहिली. ती जवळ आली की कळप पाठ फिरवी. एके सकाळी ती कुणाला काही न सांगता खिंडीकडे निघाली. म्हातारी, हाडं वर आलेली, पण टाप टाप करत ती चढण चढून गेली तेव्हा कवडीला त्या चालण्याकडे बघवेना, आणि नजरही काढवेना. भागाक्का परत आली नाही.

ओढ्याच्या काठाला पहिला बर्फ धरला, त्या दिवशी कवडी पाण्यावर गेली. पलीकडच्या काठावर आत्याबाई उभी होती. इतक्या जवळून कवडीनं तिला कधीच पाहिलं नव्हतं. ती थकलेली होती, बरगड्या दिसत होत्या, पण ते पिवळे डोळे पाहून कवडीला पळायचंसुद्धा सुचेना. देवळात उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी तिला वाटलं.

“कवडी ना तू?” आत्याबाई म्हणाली. “मागल्या साली तुझं पिल्लू मी नेलं.”

“हो, आत्याबाई.”

“त्याचा खूर सडला होता. तुला माहीत होतं ना?”

कवडीनं मान खाली घातली. “माहीत होतं.”

“मग आता एवढंच सांग. तुमच्यातलं खरं लंगडं कोण?”

कवडीनं उचललेला पाय आणखी पोटाशी घेतला.

“राजाचं नाव घेऊ नकोस हवं तर. बाकीच्यांचं सांग.” आत्याबाईनं मान तिरकी केली. “तुला तरी माहीत आहे का, पोरी?”

“मी नाही,” कवडी घाईघाईनं म्हणाली. “माझा पाय चांगला आहे.”

“टेकव बघू.”

कवडीनं मागे पाहिलं. ओढ्याच्या अलीकडे, थोड्या अंतरावर, कळप चरत होता. दोन-चार माना वर झालेल्या होत्या. तिनं पाय टेकवला नाही.

आत्याबाईनं फार वेळ वाट पाहिली. मग ती म्हणाली, “न ओळखता घास घेत नाही मी. मलाही पोरं आहेत, त्यांना इथे उपाशी किती दिवस ठेवू?” ती वळली, आणि पोरांना घेऊन पूर्वेच्या कड्याआड गेली. तिच्या जाण्याची बातमी कळली तेव्हा कळपानं आनंदानं उड्या मारल्या. तीन पायांवर जमतील तशा.

मग हिवाळा उतरला.

आधी वारा थांबला. पाखरं आदल्या दिवशीच गेली होती. एका दुपारी उत्तरेचा डोंगर दिसेनासा झाला, आणि तो धुक्यानं झाकला गेला नव्हता, आभाळच खाली आलं होतं. बर्फ पडायला लागला तो आवाज न करता. गवत गेलं, झुडपं गेली, काळा खडक गेला. एवढं मोठं काहीतरी एवढ्या शांतपणे येताना पाहून हरणं भ्यायलासुद्धा विसरली आणि माना वर करून पाहत राहिली. त्या पांढऱ्या पसाऱ्यात त्यांचे राजा, रयत आणि झोक सगळे सारखेच लहान दिसत होते.

खुरकूत आणि वरून हिवाळा, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. ज्यांचे पाय खरेच सडले होते ते एकेक करून बसू लागले, आणि बसलेलं हरीण बर्फात उठत नाही. तेव्हा कुठे कळलं की ते किती होते. त्यात कालपर्यंत सगळ्यांत देखणा झोक देणारे दोघे तरणे होते. ते सोंग नव्हतं.

शिंगराय उठला. दुखऱ्या पायानं तो कळपाच्या पुढे गेला आणि पूर्वीसारखीच छाती बर्फाला लावली. त्याच्या मागे बर्फात लाल ठिपके पडत होते. तो झोक देत नव्हता, तो प्रत्येक पाऊल ओढून काढत होता, आणि तरीही वाट होत होती. कवडी त्याच्या मागेच होती. एका जिवात एवढं बळ कुठून येतं, हे तिला कळेना. खिंडीच्या तोंडाशी तो थांबला. कळपही थांबला. राजा दम घेतोय, असं वाटून सगळे उभे राहिले. शिंगांवर बर्फ साचत गेला. कुणी पुढे जाईना, कारण राजाच्या पुढे कसं जायचं? शेवटची काही हरणं उभ्या उभ्या कोसळली. कवडीच्या पोटात पिल्लानं लाथ मारली तेव्हा तिला राहवेना. ती कडेनं बर्फ उकरत त्याच्या समोर गेली.

शिंगरायचे डोळे उघडे होते आणि त्यांवर बर्फ धरला होता. तो केव्हाच गेला होता. छातीएवढ्या बर्फानं त्याला पडू दिलं नव्हतं, आणि मेल्यावरसुद्धा तो खिंडीकडेच पाहत होता. कवडीनं त्याच्या गार नाकाला नाक लावलं. मग ती पुढे झाली आणि तिनं बर्फाला छाती लावली. जोर यावा म्हणून तिनं उजवा पाय खाली टेकवला तर तो दुमडला. थंडीनं बधिर झाला असेल, असं तिला वाटलं. ती तीन पायांवर बर्फ फोडत गेली आणि जे उरले होते ते तिच्या मागे आले.

दरीत पोचले ते थोडेच होते. पण तिथे ऊन होतं, साल होती, आणि जगलेल्यांच्या पायांत दुखणं नव्हतं. खुरकूत मेलेल्यांबरोबर बर्फात राहिली होती. आत्याबाई केव्हाच निघून गेली होती. राजा खिंडीत उभा होता. उरलेले सगळे त्याच्या आठवणीनं लंगडत होते, आणि ज्यांना आठवण नव्हती तेही लंगडत होते.

बर्फ वितळू लागला तेव्हा कवडी व्याली. पाडी झाली. ओली, थरथरती, आईसारखेच ठिपके असलेली. कवडीनं तिला चाटून कोरडं केलं आणि तिचं मन भरून वाहू लागलं. पाडी पडली, उठली, पुन्हा पडली, आणि मग चार पायांवर उभी राहिली. एक पाऊल. दुसरं. मग एकदम ती पळालीच! उन्हातून, झाडांमधून, मऊ मातीवर चारही पाय टाकत, वाऱ्यावर पान जावं तशी. कळप चरायचा थांबला. असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं होतं ते विसरले होते.

“अगं बाई,” शेजारची हरणी कळवळून म्हणाली, “काय झालंय गं पोरीच्या पायाला?”

“काही झालेलं नाही!” कवडी ओरडली. “असंच चालायचं असतं.”

“असं म्हणजे कसं?” त्या हरणीनं विचारलं. ती चिडवत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

कवडीनं उजवा पुढचा पाय खाली टेकवला. खूर स्वच्छ होता, नव्यासारखा चकचकीत. त्याला कधीच काही झालेलं नव्हतं. तिनं सगळं अंग त्या पायावर टाकलं, आणि ती तोंडावर पडली. पुन्हा उठली, पुन्हा टेकवला, पुन्हा पडली. पाय बारीक झाला होता, वाळलेल्या फांदीसारखा, आणि काय करायचं ते त्याला आठवत नव्हतं.

पाडी धावत परत आली. तिनं आईचा तो पाय हुंगला. मग दोन पावलं मागे सरकून ती त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली, काळ्या खडकावरून कुणी पाहावं तशी, फार वेळ.

आणि मग तिनं आपला उजवा पुढचा पाय वर उचलला.

“शहाणी गं माझी बाय!” शेजारची हरणी म्हणाली. कळपानं सुटकेचा श्वास टाकला आणि माना पुन्हा गवतात गेल्या.

नवं गवत उताराच्या पलीकडे होतं आणि मध्ये शेवटच्या बर्फाचा एक पट्टा उरला होता. कवडी तो ओलांडून गेली. तिच्या मागोमाग पाडी गेली. त्या दोघी पलीकडे पोचल्या तेव्हा बर्फावर दोन वाटा उमटल्या होत्या. एक मोठ्या खुरांची, आणि तिला लागून एक अगदी लहान खुरांची. दोन्ही वाटांत, जिथे चौथ्या पायाची खूण पडायची, तिथे बर्फ कोरा होता.