मुक्काम पाठ केलेलं गाव

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता यायचं नाही. त्या राज्यात एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. घाटातून बैलांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन ये-जा करायचे, आणि गावाचं पोट त्या तांड्यांवर चालायचं.

राजानं गावोगाव सगळ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. या गावच्या शाळेत नारो पंतोजी शिकवायचे. काय शिकवायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. गोणी कशी भरायची, बैलाच्या पाठीवर ओझ्याचा तोल कसा साधायचा, तांड्याच्या नायकाला रामराम कसा घालायचा, आणि घाटापासून समुद्रापर्यंतचे सगळे मुक्काम ओळीनं तोंडपाठ. वर्षाअखेरीस चावडीवर परीक्षा व्हायची. जो न अडखळता मुक्काम म्हणेल, त्याला तांड्यावर काम मिळायचं.

पंतोजींच्या हाताखालून पुष्कळ मुलं गेली. पण हैबतीसारखा विद्यार्थी झाला नाही. तो मुक्काम उलटेही म्हणून दाखवायचा. शाळेत होता तोवर त्याचं एकदाही काही चुकलं नाही. पंतोजी नव्या मुलांना सांगायचे, "हैबतीसारखे व्हा."

मग डोंगरापलीकडच्या राजानं बैलगाड्यांसाठी रुंद सडक बांधली. तांडे तिकडून जाऊ लागले. घाटातले तांडे आधी कमी झाले, मग क्वचित येऊ लागले, आणि एका वर्षी आलेच नाहीत.

एके दिवशी शाळेत जाताना पंतोजींना हैबती दिसला. घाटाच्या तोंडाशी तांड्यांच्या उतारतळावर एका दगडावर तो नुसता बसला होता. आता तो चांगला बाप्या झाला होता. पंतोजींना पाहून उठून उभा राहिला.

"इथं काय करतोस रे?"

"काही नाही, गुरुजी. मला सगळं येतं. कुठलाही मुक्काम विचारा. पण आता याचं मी काय करू?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पंतोजींना बरं वाटलं असतं.

"येतील तांडे. जरा धीर धर," ते म्हणाले, आणि चालू लागले. आपण खोटं बोललो हे त्यांना दहा पावलांतच कळलं.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. वर्गात ते एका जागी बसेनात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालायचे. मुलं मुक्काम म्हणायची, आणि पंतोजींना प्रत्येक मुक्कामावर हैबती बसलेला दिसायचा.

शेवटी ते पाटलांकडे गेले. "शाळा बदलली पाहिजे, पाटील."

पाटील म्हणाले, "मला तर वाटतं, उलटं करावं. शाळा तासभर आधी भरवा. उद्या तांडे आले आणि आपली पोरं विसरलेली असली, तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

पंतोजींना पाटलांचा शब्द मोडवेना, त्यांनी शाळा तासभर आधी भरवली. मुलं पेंगत पेंगत रामराम घोकू लागली. एक दिवस चिमा नावाची पोरगी मध्येच थांबली.

"गुरुजी, जे येणारच नाहीत, त्यांना रामराम कसा घालायचा हे रोज का म्हणायचं?"

पंतोजींचा हात छडीकडे गेला. छडी हातात आली, पण उगारता येईना. त्यांनी ती कोपऱ्यात ठेवली आणि मुलांना घरी पाठवून दिलं.

दुसऱ्याच दिवशी ते राजधानीला निघाले. मुलांना कोणता धंदा शिकवावा हे दरबारातल्या शहाण्यांना विचारावं, असा त्यांचा बेत होता. दरबारातले एक शास्त्री क्षणभरही न थांबता म्हणाले, "विणकाम शिकवा. विणकराला मरण नाही."

पंतोजींना हायसं वाटलं. माग कसा असतो ते पाहून घ्यावं म्हणून ते विणकरांच्या आळीत गेले. तिथं निम्म्या घरांत माग थांबलेले होते. जहाजांतून स्वस्त कापड यायला लागलं होतं. दारात बसलेल्या तरुण विणकरांचे चेहरे अगदी हैबतीसारखे होते.

पंतोजी रिकाम्या हातांनी परत फिरले. वाटेत त्यांना ना भूक लागली ना कुठं टेकावंसं वाटलं. तांडे काढून तिथं माग बसवला, तर काही वर्षांनी आणखी कुणीतरी दगडावर बसून आपल्याला हेच विचारणार, एवढं त्यांना दिसत होतं. त्यापुढचं काही दिसत नव्हतं.

शाळेत येऊन त्यांनी मुलांना समोर बसवलं. "पुढे तुम्हाला काय लागेल ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. गुरुजींना काही ठाऊक नसतं हे त्यांना नवीनच होतं.

"तेव्हा आज मी काही सांगत नाही. मीच विचारतो. आपल्या गावात काय बिघडलंय?"

मग चिमा म्हणाली, "बैलांसाठी बांधलेलं तळं. आता बैल येत नाहीत, म्हणून ते कुणी साफ करत नाही, आणि पाणी कुजलंय. आमच्या आळीत सगळ्यांना ताप येतो."

मुलं तळ्यावर गेली. पाणी कुठून येतं, कुठं अडतं, ते त्यांनी शोधलं. पाट खणून, कडेनं मातीचा बांध घालून ते खालच्या पडीक जमिनीवर न्यायचं ठरवलं. पंतोजीही त्यांच्याबरोबर चिखलात उतरले. त्यांनाही पाट खणता येत नव्हता.

पाट तयार झाला, पाणी सोडलं, आणि दुपारपर्यंत बांध फुटला. पाणी थेट पाटलांच्या कांद्याच्या वाफ्यांत शिरलं.

गाव चावडीवर जमलं. आईबाप संतापले होते. "शिकायला पाठवलं होतं, चिखलात लोळायला नाही," ते म्हणाले. पाटील तर शाळेला कुलूप घालायलाच निघाले होते.

पंतोजी म्हणाले, "पाटील, नुकसान झालं ते खरं. कुलूप खुशाल घाला. पण त्याआधी मुलांना एकदा विचारा, बांध का फुटला."

पाटलांनी चिमाकडे बोट केलं. "सांग."

चिमा उभी राहिली. "आम्ही उतार नीट बघितला नाही. आणि माती भुसभुशीत होती, आतून दगड लावायला हवे होते. आमचं चुकलं. तुमचा कांदा आम्ही पुन्हा लावून देतो. मग बांध पुन्हा घालतो."

पाटलांनी बोट खाली घेतलं. न शिकवलेलं उत्तर एखाद्या मुलाच्या तोंडून त्या चावडीवर पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

तेवढ्यात मागून हैबती पुढे आला. सगळ्यांना वाटलं, तो काही हुशारीचं बोलेल.

"मला बांध घालता येत नाही," तो म्हणाला. "मी इतके दिवस त्या दगडावर बसून होतो, ते काम नाही म्हणूनच नव्हे. दुसरं काही करायला गेलो आणि चुकलं तर काय, याची भीती वाटत होती. शाळेत माझं कधी चुकलंच नाही, गुरुजी. चुकल्यावर काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही. या पोरांना ते येतं. मी त्यांच्यात बसतो."

पंतोजींनी खाली पाहिलं. ज्याच्यासारखे व्हा म्हणून ते सगळ्यांना सांगत आले, तोच सगळ्यांत जास्त अडकला होता, आणि त्याला अडकवणारे तेच होते.

पाटलांनी कुलूप खिशात टाकलं. "कांदा आधी," एवढंच ते म्हणाले.

मुलांनी कांदा लावला. बांध आणखी एकदा खचला, त्यानंतर मात्र टिकला. तळं वाहतं झालं, चिमाच्या आळीतला ताप हटला, पडीक जमिनीवर भाजी पिकू लागली. पुढे कुणी कुंभार झालं, कुणी औषधी झाडपाला गोळा करू लागलं, कुणी दूर देशी गेलं. हैबती गावोगाव तळी दुरुस्त करत हिंडू लागला. एखादा धंदा बसला, की ही माणसं काही दिवस चिंतेत असायची, मग एकत्र बसून विचारायची, आता काय बिघडलंय?

घाटाच्या वरच्या अंगाला दुसरं एक गाव होतं. तिथली शाळा पहिल्यासारखीच चालू राहिली. तिथली मुलं मुक्काम फार सुरेख म्हणायची. पण दरवर्षी ती म्हणणारी मुलं कमी होत गेली, घरांना कुलपं लागत गेली, आणि शेवटी शाळेत ऐकायलाही कुणी उरलं नाही.

तात्पर्य: उद्या काय लागेल ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून शाळेनं मुलांना उत्तरं पाठ करून देण्याऐवजी प्रश्न शोधायला आणि चुकल्यावर पुन्हा उभं राहायला शिकवावं.